बेर्ख्टेसगाडेन: उन्हाळ्यात जावं की हिवाळ्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिकला आलेल्या पाहुण्यांपैकी निम्मे तरी "ते आल्प्समधलं जुनं गाव" दाखवा म्हणतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

हे गाव नेमकं आहे कुठे?

जर्मनीचा नकाशा उघडून आग्नेय कोपऱ्यात बघा. बव्हेरियाचा एक तुकडा ऑस्ट्रियात घुसलेला दिसेल. तीन बाजूंना ऑस्ट्रिया, चारही बाजूंना डोंगर आणि मधे बेर्ख्टेसगाडेन. साल्झबर्ग पंचवीसेक किलोमीटरवर, म्युनिक दीडशेच्या आसपास. गावाची उंची ५७० मीटर, म्हणजे पाचगणीच्या निम्मीसुद्धा नाही. पण समोर उभा असलेला वाट्झमान २,७१३ मीटरचा आहे.

याला शहर म्हणायचं की गाव?

बव्हेरियात वस्तीला कायद्याने दर्जा असतो: साधी ग्रामपंचायत, मार्क्ट किंवा शहर. बेर्ख्टेसगाडेन आजही मार्क्ट आहे, म्हणजे बाजारपेठेचा जुना मान असलेलं गाव. लोकवस्ती जेमतेम आठ हजार.

पण या आठ हजारांच्या गावाचा तोरा जुना आहे. ११०२ मध्ये इथे ऑगस्टिनियन साधूंचा मठ स्थापन झाला. ११५६ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मठाला सनद दिली. मग मीठ सापडलं, मिठाने पैसा आला आणि मठाचा प्रमुखच या खोऱ्याचा राजा होऊन बसला. धर्मगुरूही तोच, सत्ताधीशही तोच. शेजारी साल्झबर्गचे आर्चबिशप आणि पलीकडे बव्हेरियाचे ड्यूक, दोघांचाही डोळा या मिठावर; त्या दोघांच्या मधे हे चिमुकलं संस्थान शेकडो वर्षं टिकलं. १८०३ मध्ये ते खालसा झालं आणि १८१० पासून बव्हेरियाकडे आहे. गावातल्या चौकांचा, वाड्याचा, चर्चचा थाट गावाच्या आकाराला न शोभण्याइतका मोठा का, याचं उत्तर या इतिहासात आहे.

साल्झबर्गहून अर्ध्या दिवसात उरकता येईल ना?

येईल. बहुतेक जण तेच करतात: सकाळी बस, वर केलश्टाइनहाउस (डोंगरमाथ्यावरचं नाझी काळातलं अतिथीगृह), खाली क्योनिगसे तलाव, संध्याकाळी साल्झबर्ग. पण मग बेर्ख्टेसगाडेन बघितलं असं म्हणू नका, कारण या सगळ्यात गावात पाऊलसुद्धा पडत नाही. आमचा सल्ला सरळ आहे: मुक्काम मार्क्टमध्येच करा, निदान दोन रात्री, जमलं तर तीन. सहलीच्या बसगाड्या पाचच्या सुमारास निघून गेल्या की चौक मोकळा होतो आणि गावकरी कुत्री फिरवायला बाहेर पडतात.

दुसरं कारण व्यवहाराचं. डोंगरात हवा कधी फिरेल याचा नेम नसतो. एकच दिवस हातात असेल आणि तो ढगात गेला, तर तिकिटाचे पैसे देऊन धुकं बघाल.

मग उन्हाळा चांगला की हिवाळा?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. आधी हे लक्षात घ्या, की एकाच गावाची यादी दोन्ही ऋतूंत चालत नाही. इंटरनेटवर "बघण्यासारखी दहा ठिकाणं" सापडतात, त्यातली निम्मी हिवाळ्यात बंद असतात. केलश्टाइनहाउस साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंतच उघडं. तलावावरची बोट हिवाळ्यात शेवटच्या थांब्यापर्यंत जात नाही. उंचावरच्या बहुतेक गुरांच्या वाड्या, ज्यांना इथे आल्म म्हणतात, रिकाम्या असतात. हे माहीत नसताना लोक जानेवारीत येतात आणि हिरमुसतात.

मोठ्या पायपिटी, हिरवी कुरणं, तलावाच्या शेवटापर्यंतची सफर आणि रात्री नऊपर्यंत उजेड हवा असेल, तर जून ते सप्टेंबर. त्यातही ऑगस्ट टाळता आला तर टाळा. बव्हेरियाच्या शाळांची सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, तेव्हा पार्किंग सकाळी दहाला भरलेलं असतं. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आम्हाला सर्वांत आवडतो. हवा स्थिर, गर्दी कमी, आणि नशिबात असेल तर गुरं डोंगरावरून उतरताना बघायला मिळतात.

बर्फ, शेकोटी, नाताळचा बाजार, केसाळ मुखवटे आणि डोंगरात घुमणारे तोफुल्यांचे बार हवे असतील तर डिसेंबर. नुसतं शांत पांढरं खोरं हवं असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. फक्त दिवस लहान असतो हे धरून चाला. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, आणि खोऱ्यात तो त्याआधीच डोंगराआड गेलेला असतो.

मेच्या सुट्टीतच यावं लागणार असेल, तर महिन्याच्या शेवटी या. तेव्हा खाली फुलं असतात, पण वरच्या वाटांवर अजून बर्फ असू शकतो.

नोव्हेंबर कसा?

कसाही नाही. रोपवे दुरुस्तीसाठी थांबतात, हॉटेलवाले स्वतः सुट्टीवर जातात, पाऊस पडत राहतो. ईस्टरनंतरचे काही आठवडेही जवळपास तसेच. मिठाची खाण तेवढी चालू असते.

पोचायचं कसं?

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. म्युनिकहून साल्झबर्गच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी पकडायची, फ्राइलासिंगला उतरून बेर्ख्टेसगाडेनची छोटी गाडी घ्यायची. सगळं मिळून अडीच-पावणेतीन तास. दोन-चार जण असाल तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं तिकीट, स्वस्त पडतं. साल्झबर्गहून यायचं तर रेल्वेच्या भानगडीत पडू नका, ८४० क्रमांकाची बस पाऊण-एक तासात आणून सोडते.

स्टेशन बघून चकित व्हाल. एवढ्याशा गावाला एवढी अवाढव्य दगडी इमारत का? ती नाझी काळात बांधली, वर ओबरसाल्झबेर्ग डोंगरावर हिटलरकडे येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी. स्टेशन खाली नदीकाठी आहे आणि मार्क्ट वर टेकाडावर. चाकांची जड बॅग असेल तर बस किंवा टॅक्सी करा, विशेषतः बर्फात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर म्युनिकहून बाड राइखेनहालमार्गे या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा टोल-स्टिकर लागत नाही. रस्त्यावर बर्फ असेल तर टायर हिवाळीच हवेत, तो इथला कायदा आहे. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. पण खरं सांगायचं तर गाडीची गरज नाही. मुक्कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या गेस्ट कार्डावर इथल्या स्थानिक बस फुकट असतात. कार्ड हॉटेलवाले स्वतःहून देतात, नाही दिलं तर मागून घ्या.

गावात बघण्यासारखं काय आहे? की सगळं बाहेरच?

गावातच एक अख्खी सकाळ जाते. सुरुवात राजवाड्याच्या चौकातून करा. जुना मठ, जो पुढे बव्हेरियाच्या विटेल्सबाख राजघराण्याचा वाडा झाला, आणि त्याला चिकटून दोन मनोऱ्यांचं चर्च. वाड्याच्या आत बाराव्या शतकातली दगडी पडवी आहे, साधूंच्या येरझारांसाठी बांधलेली. तिचे खांब एकसारखे नाहीत. एका खांबावर वेली, दुसऱ्यावर प्राणी, तिसरा नुसता पीळदार. वाडा आतून बघायला मार्गदर्शकासोबतच जाता येतं, त्यामुळे वेळा आधी बघून घ्या.

तिथून कमानीखालून मार्क्टच्या मुख्य पेठेत या. कारंजं, त्यावर सिंह, आणि दोन्ही बाजूंना रंगवलेल्या भिंतींची घरं. यातलं हिर्शनहाउस १५९४ मधलं. पुढच्या बाजूने ते घर बघून लोक पुढे जातात. तुम्ही तसं करू नका, मेट्झगरगासे या बाजूच्या गल्लीत वळा आणि मान वर करा. भिंतभर माकडं रंगवली आहेत आणि ती सगळी माणसांची कामं करताहेत. चित्रकाराने गावातल्या प्रतिष्ठितांची टिंगल केली आहे हे कुणी सांगायची गरज पडत नाही. चारशे वर्षांपूर्वी हे कुणी खपवून घेतलं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

वेळ असेल तर पेठेपासून थोडं खाली आडेल्सहाइम वाड्यातलं संग्रहालय बघा. इथल्या लाकडी खेळण्यांचा आणि रंगीत डब्यांचा धंदा एके काळी पार दूरदेशी पोचला होता, त्याचे नमुने तिथे आहेत. आणि पाय चांगले असतील तर गावाच्या डोक्यावरून जाणारी, खाणीतलं खारं पाणी नेणाऱ्या जुन्या नळाची वाट, झोलेलाइटुंग्सवेग, चालून या. वाट बऱ्यापैकी सपाट आहे आणि पूर्ण गाव खाली, वाट्झमान समोर.

मिठाची खाण मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी?

दोघांसाठी, आणि पावसाळी दिवसासाठी तर खासच. १५१७ पासून ही खाण सलग चालू आहे. आजही मीठ निघतं, म्हणजे हे नुसतं प्रदर्शन नाही.

आत शिरण्याआधी कपड्यांवरून खाणकामगाराचा डगला चढवतात. मग घोड्यावर बसतात तसं दोन्ही बाजूंना पाय टाकून एका चिंचोळ्या गाडीवर बसायचं आणि ती डोंगराच्या पोटात घेऊन जाते. खालच्या मजल्यावर जायला गुळगुळीत लाकडी घसरगुंड्या आहेत. पूर्वी कामगार खरोखरच असे उतरत. भीती वाटत असेल तर बाजूला जिना आहे, कुणी हसत नाही. शेवटी जमिनीखालच्या खाऱ्या तलावातून तराफ्याने अंधारात जायचं.

आता मीठ कसं काढतात ते ऐका, कारण बहुतेकांना वाटतं कुदळीने खणतात. इथला खडक शुद्ध मिठाचा नाही. माती, जिप्सम आणि मीठ यांची ती खिचडी आहे. म्हणून डोंगरात पोकळी करून तिच्यात गोडं पाणी सोडतात. पाणी मीठ विरघळवतं, माती तळाशी बसते. पाण्यात साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास मीठ झालं की ते आणखी मीठ घेत नाही, मग ते उपसून नळाने बाड राइखेनहालला पाठवतात आणि तिथे आटवतात. १८१७ मध्ये गेओर्ग फॉन राइखेनबाख या अभियंत्याने हे खारं पाणी डोंगर ओलांडून चढवायला पंप बसवले. पंप चालायचा तोही पाण्याच्याच जोरावर. त्याने ते पाणी एका दमात ३५६ मीटर उंच चढवलं. मघाशी सांगितलेली वाट त्याच नळाची.

आत बारा महिने बारा अंश तापमान असतं. जुलैत स्वेटर घेऊन जा. जानेवारीत मात्र आत शिरल्यावर ऊब वाटते.

क्योनिगसे तलावाची बोट दोन्ही ऋतूंत असते का?

असते, पण वेगळी. तलाव आठेक किलोमीटर लांब, १९० मीटर खोल, आणि दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरलेले. काठाने रस्ता नाही, पायवाटही नाही. म्हणून बोट हाच एक मार्ग. १९०९ पासून इथल्या बोटी विजेवर चालतात, त्यामुळे ना धूर ना खडखडाट.

मधेच एका कड्यापाशी नावाडी मोटर बंद करतो, बाजूचं दार उघडतो आणि तुतारी काढून दोन ओळी वाजवतो. थांबतो. कडा त्या ओळी परत वाजवतो. हवा शांत असेल तर सूर इतके स्वच्छ येतात की पलीकडे दुसरा कुणी लपून वाजवतोय असं वाटावं. मग नावाडी टोपी फिरवतो. सुटे युरो जवळ ठेवा. आधी बंदूक उडवत आणि कडा सात वेळा परतफेड करायचा, असं ते सांगतात. अर्धे पैसे या गोष्टीचेच असतात.

पस्तीसेक मिनिटांनी सांक्ट बार्टोलोमे येतं: लाल कांद्यासारख्या घुमटांचं पांढरं चर्च आणि त्यामागे वाट्झमानची पूर्वेची भिंत, सुमारे १,८०० मीटर. चर्चची मूळ स्थापना ११३४ मधली. ऑस्ट्रियातल्या मारिया आल्म गावाहून भाविक अख्खा डोंगर ओलांडून पायी इथे येतात, दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या सुमारास एका शनिवारी. १६३५ पासूनची ही वारी आहे.

हिवाळ्यात बोट इथपर्यंतच येते. तलाव गोठला तर तीही बंद, पण तसं फार क्वचित होतं; संपूर्ण तलावावर लोक चालत गेले ते २००६ मध्ये. ज्यांना गर्दीची चीड आहे त्यांनी हिवाळ्यातच यावं. बोटीत पंधरा-वीस माणसं, चर्चसमोर आपलीच पावलं.

पुढे ओबरसेपर्यंत कसं जायचं?

उन्हाळ्यातच. साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बोट सालेट या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. तिथून पंधरा मिनिटं चाललं की ओबरसे हा दुसरा छोटा तलाव. त्याच्या काठाकाठाने, काही ठिकाणी खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून, पाऊण-एक तासात फिशउंकेल आल्म. ताक आणि भाकरीसारखा जाड पाव मिळतो, रोख पैसे न्या. आणखी अर्ध्या तासावर र्‍योटबाख धबधबा, ४७० मीटरचा, जर्मनीतला सर्वांत उंच.

एकच गोष्ट घोटून सांगतो: सालेटच्या धक्क्यावर उतरल्याबरोबर शेवटच्या बोटीची वेळ फलकावर बघा आणि फोटो काढून ठेवा. चुकली तर चालत परतायची सोय नाही. आणि शेवटच्या बोटीला मोठी रांग असते, तिच्या आधीची धरा. सकाळी पहिल्या बोटींपैकी एक पकडली तर हे सगळं निवांत होतं.

इन्स्टाग्रामवरचा तो तलावाच्या वरचा धबधब्याचा कुंड?

नाही. २०१९ मध्ये तिथे दोन तरुण बुडाले. झुडपं तुडवून शेकडो वाटा पडल्या म्हणून राष्ट्रीय उद्यानाने २०२१ मध्ये तिथे जायला बंदी घातली, मोडली तर दंड. तलावाचं दृश्य हवं असेल तर धक्क्यापासून वीस-तीस मिनिटांवर मालरविंकल आहे, बाराही महिने जाता येतं. १९७८ मध्ये झालेलं हे राष्ट्रीय उद्यान जर्मनीतलं आल्प्समधलं एकमेव. ड्रोन घरी ठेवा.

केलश्टाइनहाउस म्हणजे हिटलरचं घर ना?

घर नव्हे. त्याचं घर, बेर्गहोफ, खाली ओबरसाल्झबेर्गवर होतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं आणि उरलेल्या भिंती १९५२ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. आता तिथे झाडी आहे. केलश्टाइनहाउस हे १,८३४ मीटरवरचं अतिथीगृह, नाझी पुढारी मार्टिन बोरमानने १९३७-३८ मध्ये बांधून घेतलेलं. हिटलर तिथे मोजक्याच वेळा गेला.

खाजगी गाड्यांना वर बंदी आहे. ओबरसाल्झबेर्गहून खास बस जाते, मग डोंगरातून १२४ मीटरचा बोगदा, आणि पुढे तितक्याच उंचीची पितळी आरशांची लिफ्ट. वर उपाहारगृह आणि दृश्य. दृश्य अप्रतिम आहे यात वाद नाही, पण ढग असतील तर जाऊ नका.

आमचं म्हणणं इतकंच, की वर जाण्याआधी खालचं डोकुमेंटात्सियोन ओबरसाल्झबेर्ग बघा. १९९९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय, खाली बंकरांची भुयारं. या उतारावर पूर्वी शेतकऱ्यांची घरं होती, त्यांना हुसकावून बंगले झाले. इथे हिटलरने मुलांना कडेवर घेतल्याचे फोटो निघत आणि इथेच बसून लाखोंच्या मरणाचे निर्णय होत. ते बघून मग वर गेलात तर सेल्फीला हात कमी जातो. फार लहान मुलांना आत नेऊ नका.

हिवाळ्यात बस, लिफ्ट, घर सगळं बंद. बर्फातून चालत जायचा उत्साह दाखवू नका, त्या उतारांवर हिमस्खलन होतं. त्याऐवजी रोसफेल्डचा टोलरस्ता धरा. तो बारा महिने उघडा असतो आणि १,५०० मीटरच्या वर नेतो.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना काय झेपेल?

बरंच. बोट, मार्क्टची पेठ, कुरगार्टनची बाग, आणि येनर डोंगरावरचा रोपवे. वरच्या स्टेशनची उंची १,८०० मीटर, तिथेच बसून चहा होतो. रामसाउ गावातलं सांक्ट सेबास्टियान चर्च आणि समोरचा लाकडी पूल बस थांब्यापासून दोन पावलांवर आहे. कॅलेंडरवर पाहिलेलं असणार. त्याच बसने पुढे हिंटरसे तलाव, काठाला बाकं. हिवाळ्यात हिंटरसेहून घोडागाडीने क्लाउसबाखच्या खोऱ्यात जाता येतं. तिथे हरणांना चारा घालतात तेव्हा ओट्यावरून ती जवळून दिसतात. ज्येष्ठांना या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं असा आमचा अनुभव.

गुरं उतरतात ती कधी आणि कुठे?

सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हवा बघून. उन्हाळाभर वर चरलेली गुरं खाली गोठ्यात परततात. क्योनिगसेच्या टोकाची गुरं तर सपाट नावांतून तलाव ओलांडून येतात. किनाऱ्याला लागल्यावर त्यांच्या डोक्यावर फुइकल बांधतात: फरच्या फांद्यांचा उंच मुकुट, त्यावर रंगवलेल्या लाकडी चकत्यांची शेकडो फुलं. बेंदूर-पोळ्याची आठवण होणारच. पण उन्हाळ्यात त्या घरात कुणी दगावलं असेल किंवा एखादं जनावर गेलं असेल, तर त्या वर्षी गाई बिनसजवलेल्या उतरतात. तारीख आदल्या आठवड्यात पर्यटन कार्यालयात विचारा, त्याआधी तीही त्यांना ठाऊक नसते.

डिसेंबरात काय काय असतं?

वाड्याच्या चौकात आणि पेठेत नाताळचा बाजार भरतो. म्युनिक किंवा न्युर्नबेर्गच्या मानाने लहान, म्हणूनच बरा.

५ आणि ६ डिसेंबरला सेंट निकोलाउस घरोघरी फिरतो आणि त्याच्यासोबत बुटनमांडल निघतात. हे इथलंच. धडधाकट पोरं मळणीच्या पेंढ्यात आपादमस्तक गुंडाळलेली, तोंडावर केसाळ मुखवटा, पाठीला गाईच्या मोठाल्या घंटा. चालताना ते मुद्दाम कमरेला हिसका देतात, आणि तो आवाज पोटात जाणवतो. सोबतच्या क्रांपलकडे, म्हणजे राक्षसाचं सोंग घेतलेल्याकडे, काटक्यांची जुडी असते आणि ती पिंढऱ्यांवर बसते, खोटी नाही. जाड पँट घाला, लहान मुलांना मागे ठेवा. हा कार्यक्रम पर्यटकांसाठी नसतो, त्यांच्या वाटेत फोनचा लाइट धरून उभं राहू नका.

नाताळच्या आदल्या आठवड्यात रोज दुपारी तीनला वाइनाख्ट्सश्युत्झन, म्हणजे नाताळचे बारवाले, हातातल्या तोफुल्यांतून बार काढतात. खोरं लहान असल्याने आवाज चारी बाजूंनी परत येतो. २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेआधी आणि ३१ च्या रात्रीही. माहीत नसेल तर दचकायला होतं.

२४ ला दुपारनंतर दुकानं बंद, २५-२६ ला सुट्टी. खाण्याची सोय आधी करून ठेवा.

बर्फ नक्की मिळेल का?

मार्क्टमध्ये? खात्री नाही. ५७० मीटरवर डिसेंबरात पाऊससुद्धा पडतो. वर बर्फ असतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बहुधा खालीही. फक्त बर्फासाठी येणार असाल तर नाताळ सोडा आणि फेब्रुवारी धरा.

स्कीइंग येत नाही. मग करायचं काय?

स्लेज. गावात भाड्याने मिळते, ओबरसाल्झबेर्गवर आणि रामसाउच्या बाजूला उतार आहेत, अर्ध्या तासात जमतं. पायाने ब्रेक मारायचा असल्याने बूट घोट्यावरचे हवेत. शिकायचंच असेल तर स्की-शाळा आहेत, पण एका दिवसात नुसतं पडायला शिकाल. क्योनिगसेची प्रसिद्ध बॉबस्ले धावपट्टी २०२१ च्या पुरात वाहून गेली, त्यामुळे जुन्या लेखांत तिच्याबद्दल वाचलं असेल तर त्या भरवशावर बेत आखू नका.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

उपाशी राहणार नाही, पण तिसऱ्या दिवशी चीजचा कंटाळा येईल. कासश्पाट्झन (चीजमधले पिठाचे गोळे, वर तळलेला कांदा) सगळीकडे असतं. मश्रूमच्या रश्शातले पावाचे गोळे, ओबाट्झडा हे चीजचं चटकदार मिश्रण आणि ब्रेत्झन, गोडात काइझरश्मारन. यांतल्या श्पाट्झन, गोळे आणि श्मारन यांत अंडं असतं. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी बहुधा मांसाचं, आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराचे तुकडे असू शकतात, म्हणून "ओने फ्लाइश, ओने श्पेक" एवढं पाठ करा. जैन जेवण मिळणार नाही. स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्या आणि कुकर नाही तरी मसाल्याचा डबा आणा.

दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद, थेट साडेपाचनंतर. सुपरमार्केट रात्री आठला बंद, रविवारी दिवसभर. मांसाहार करणाऱ्यांनी सांक्ट बार्टोलोमेचा धुरावलेला मासा चुकवू नये.

कपडे?

उन्हाळ्यातही रेनकोट आणि एक उबदार थर, कारण दुपारच्या गडगडाटी सरीनंतर पारा झपकन उतरतो. बूट खाचांच्या तळव्याचे. हिवाळ्यात जाडजूड एका कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे इथेच विकत घ्या. पेठेतले दगड गोठले की सगळ्यात आधी तेच पाडतात.

पासपोर्ट, पैसे, भाषा?

शेंगेन व्हिसा चालतो. साल्झबर्गला जाता-येता सीमेवर पोलीस बस थांबवतात, फोटोकॉपी चालत नाही, पासपोर्ट मूळचा जवळ हवा. कार्ड गावात चालतं, आल्मवर नाही. हॉटेल-दुकानांत इंग्रजी कळते. तरी आत शिरताना "ग्रुस गॉट" म्हणा. बर्लिनचं "गुटन टाग" इथे परकं वाटतं.

येताना काय आणावं?

चुंबकं नकोत. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा रंगवलेला डबा, श्पानशाख्टल, हलका असतो आणि बॅगेत मोडत नाही. मुलांसाठी आर्शफाइफनर्‍योसल: लाकडी स्वार, लाकडी घोडा, आणि शिट्टी कुठे वाजवायची तर घोड्याच्या शेपटीखाली. विकणाऱ्या आजीबाई निर्विकार चेहऱ्याने वाजवून दाखवतात. मोठ्यांसाठी एन्झियान, जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाच्या मुळांची दारू. ग्रासल कंपनी ती सतराव्या शतकापासून गाळते. मुळं खणायचे हक्क आजही मोजक्यांनाच आहेत. चव मातीसारखी कडू. घेण्याआधी दुकानात एक घोट चाखून बघा, कारण पुण्यात नेऊन कपाटात पडलेल्या बाटल्या आम्हाला ठाऊक आहेत.